दुसऱ्या वळणावरची चाकोरी

५ जानेवारी, रविवार

शेखरचे हेल्मेट उभे तडकले. डोके शाबूत आहे. प्रल्हादने चाके खोलण्याचा पान्हा दोन्ही हातांनी घातला. दुसरा घाव मी पाहिला नाही, कारण तोवर चौघे मध्ये पडले होते. आवाज मात्र दोन ऐकले.

कारण असे. मोटारींच्या शर्यतीत शेवटून दुसऱ्या फेरीत, दुसऱ्या वळणावर, शेखरने आपल्या गाडीचे नाक प्रल्हादच्या मागच्या चाकाला लावले. प्रल्हादची गाडी गरकन फिरून कडेला रचलेल्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, पोत्यांत घुसली. पहिला येणारा चौथा आला. शेखर देवतळे वणीचा, एरवी कोळशाचा ट्रक चालवतो. समोरच्याने बाजू दिलीच पाहिजे ही सवय तिथली. प्रल्हाद राठोड शर्यत भरते त्या महागावजवळच्याच तांड्यावरचा. त्याचे वडील भावसिंग शंकरपटातले, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतले, जुने नावाजलेले धुरकरी, माझे चाळीस वर्षांचे स्नेही. शर्यतीआधी शे. त्याला सगळ्यांसमोर म्हणाला होता, "बैल हाकनाऱ्याचं पोरगं गाडी चालवते म्हने!" प्र.चे उत्तर: "अन् तू कोनती गाडी चालवतं रे? वखर हाये तो. गाडी आमच्यावाली पाहा." लोक हसले. मीही.

मुख्य पंच मी. तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला मोटारींतले काय कळते, हे बंडूभाऊंना पहिल्याच वर्षी विचारले होते. शेत त्यांचे, शर्यतही त्यांची. म्हणाले, "सर, गाड्यांचं आमाले समजते. भांडनाचं समजनारा पायजे."

प्र. हरकत घेऊन माझ्या मचाणाखाली आला. ओठ फुटलेला. मी विचारले, "ठोस लागली त्या जागी उभा राहिलास का?"

"गाडीत होतो ना सर."

"मग त्या चाकोरीवरून सगळ्या गाड्या गेल्या. आता तिथे पाहण्यासारखे काय उरले? नियम अकरा वाचला आहेस?"

"म्हनजे मी उतराले पायजे होतं?"

"नियम तसेच सांगतो."

हरकत फेटाळली. त्यानंतर दहा मिनिटांत पान्हा. दोघांनाही ताकीद दिली. निकाल नियमाला धरून होता आणि मी समाधानाने यवतमाळला परतलो, हे नोंदवून ठेवतो.


८ जानेवारी, बुधवार

मीच लिहिलेली नियमावली पुन्हा वाचली. नि. ११: "ज्या स्पर्धकास ठोस लागली त्याने त्याच जागी उभे राहून हात वर करावा आणि पंच येईपर्यंत चाकोरी पुसू देऊ नये. निकाल जागेवर, सर्वांसमक्ष दिला जाईल."

वाक्यरचना निर्दोष आहे. मातीच्या शर्यतीत पुरावा एकच, चाकांची खूण. ती पुढच्या फेरीत पुसली जाते. म्हणून हा नियम. तो माझ्या कल्पनेतला नाही. पटात ज्या धुरकऱ्यावर अन्याय झाला तो उडी मारून आपल्या चाकोरीत उभा राहतो, हात वर करतो, पंच आल्याशिवाय हलत नाही. भावसिंगांनी त्यांच्या अंगणातल्या बाजेवर बसून हे सांगितले, मी तिथेच लिहून घेतले. तेव्हा शंका काढली होती की, दुसरी जोडी सुटली तर? ते हसले. "बैल मानसावर पाय नाही देत, मास्तर."

सायंकाळी प्र.चा फोन. "सर, या येळी चाकोरी राखतो. मंग तं हरकत घ्यान ना?"

म्हणालो, राखलीस तर घेईन.


१२ जानेवारी, रविवार

क्रमाने लिहितो.

सकाळी सर्व गाड्यांचे पट्टे मी स्वतः ओढून पाहिले. आतल्या लोखंडी पिंजऱ्याचे जोड पाहिले. दोन हेल्मेटे नाकारली. शे. नवे हेल्मेट घालून आला होता, प्र.कडे बघत नव्हता. पाण्याचा टँकर उशिरा आला. दुसऱ्या वळणावर माती कोरडीच राहिली. ते मला ठाऊक होते.

सहाव्या फेरीत पुन्हा तीच जागा, तीच ठोस. प्र.ची गाडी अर्धी वळून बांधाला टेकली. मला वाटले, आता चालू करून निघेल. त्याने पट्टा सोडला. दारे वेल्डिंगने बंद असतात. तो खिडकीतून बाहेर आला. हेल्मेट काढून टपावर ठेवले. धुळीतून चार पावले मागे गेला, आपल्या चाकांची खूण शोधली, तिच्यावर दोन्ही पाय रोवले आणि उजवा हात वर केला. तोंड मचाणाकडे. माझ्याकडे.

हरकतीची वेळ वहीत लिहिली. ११.४२.

फेरी चाळीस सेकंदांची. लिहून मान वर केली तेव्हा दोन गाड्या त्याला चुकवून गेल्या होत्या आणि तिसरी, शे.ची, वळणावर आली होती. मागचा भाग बाहेर फेकला गेला होता. पुढची चाके प्र.च्या बाजूला वळलेली स्पष्ट दिसली. मागचे चाक त्याला मांडीपाशी लागले. तो गाडीच्या उंचीइतका उडाला आणि मानेवर पडला. हात त्यानंतर खाली आला.

लाल निशाण मी त्यानंतर उचलले.

लोक कुंपण मोडून आत आले. कुंपण पऱ्हाटीचे, कपाशीच्या वाळक्या झाडांचे; ज्याच्या हाताला जे आले ते त्याने उपसले. शे. पट्ट्यात अडकलेला होता. त्याला पट्ट्यासकट ओढले, पट्टा तुटेना तेव्हा विळ्याने कापला, खिडकीच्या पत्र्यावरून खाली घेतला. जमिनीवर आल्यावर माणसे दिसेनात, फक्त वर-खाली होणाऱ्या पऱ्हाट्या दिसत होत्या. ओलसर आवाज येत होता. प्र.चा थोरला भाऊ रमेश पोत्यांवरचा दगड घेऊन आला आणि शे.चा उजवा हात जमिनीवर धरून त्याच्यावर आपटला. तीनदा. "याच हातानं वळवली ना? याच हातानं?" मी मचाणावरून ओरडत होतो, "थांबा, आधी चौकशी." हे शब्द मी खरोखर उच्चारले.

भावसिंग गर्दीत नव्हते. मुलाचे डोके मांडीवर घेऊन धुळीत बसले होते, आणि त्याच्या कानातली माती करंगळीने काढत होते.


१३ जानेवारी, सोमवार

पोलिसांना जबाब दिला. विचारले, काय पाहिले? सांगितले: गाडी आली, पुढची चाके प्रल्हादकडे वळलेली होती, मागचे चाक लागले. प्रत्येक शब्द खरा.

मातीवर गाडी घसरू लागली की चालक चाके घसरणीच्याच दिशेला वळवतो, तेव्हाच ती सावरते. म्हणजे जो माणसाला चुकवू पाहतो आणि जो त्याच्यावर घालू पाहतो, दोघांचीही चाके तशीच दिसतात. हे विचारले नाही. प्र. खाली का उतरला, हेही विचारले नाही.

विचारले नाही म्हणून सांगितले नाही.


१५ जानेवारी, बुधवार

प्रल्हाद पहाटे गेला.


१६ जानेवारी, गुरुवार

शे.वर खुनाचा गुन्हा. तांड्यावरच्या सत्तावीस जणांनी सांगितले की त्याने चाके मुद्दाम वळवली. सगळे माझे वाक्य सांगत आहेत.

वणीहून आलेल्या तिघांनी परवा रमेशला महागावच्या बाजारात, सोयाबीनच्या ढिगाऱ्यावर पाडून मारले. बरगड्या. त्याने एकाचा कान दाताने तोडला.


१७ जानेवारी, शुक्रवार

रुग्णालयात शे.ला भेटलो. दाराशी पोलीस. जबडा तारेने बांधलेला. बोलणे दातांमधून, पण कळते. उजवा हात मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये. दोन बोटे काढली.

मी विचारले, "मुद्दाम केलेस का?"

त्याने प्लास्टरकडे पाहिले.

"माती उडवाची होती सर. तोंडावर. पान्हा मारला होता ना त्यानं मले. जवळून काढाची अन् मागचं फिरवून माती फेकाची, बस. वनीले आमी पोट्टे एकमेकाले असंच करतो."

"मग?"

"तो हटीन वाटलं. सारेच हटते. तो हटलाच नाई. मी चाकं वळवली, पन जागाच नोती."

"हटला का नाही?"

"माझ्याकडं पाहूनच नोता राह्यला. तुमच्याकडं पाहत होता. हात वर करून." मग म्हणाला, "तुमी निशान काहून नाई दाखवलं, सर?"

मी वेळ लिहीत होतो, असे त्याला सांगता आले नाही.

त्याची आई कोपऱ्यात बसली होती. जाताना पायांशी वाकली. "तुमीच हा गुरुजी. तुमचं आयकतीन. याले फाशी नका होऊ देऊ."


२० जानेवारी, सोमवार

बंडूभाऊ घरी आले. नियमावलीची नवी प्रत सोबत. नि. ११ बदललेला: "स्पर्धकाने कोणत्याही परिस्थितीत गाडीतून उतरू नये." खाली जुनी तारीख.

"सही करा सर. म्हनजे पोरगा नियम मोडून उतरला असं होते. तुमच्यावर नाई, माझ्यावर नाई."

"आणि शेखरवर?"

"त्याचं तो पाहीन."

"छापलेल्या प्रती लोकांकडे आहेत."

"कोन वाचते, सर? तुमच्याशिवाय ते पुस्तक कोनी उघडून पाहिलं काय?"

सही केली नाही. प्रत परत दिली. पण त्यांना घराबाहेर काढलेही नाही; चहा झाला.

ते गेल्यावर अनुमान कागदावर मांडले, विद्यार्थ्यांना शिकवत असे तसे. प्रतिज्ञा: चाकोरीत उभा राहिलेला माणूस सुरक्षित असतो. हेतू: कारण धावणारे त्याला पाहून थांबते. दृष्टांत: जशी पटातली जोडी. जोडीला डोळे आहेत आणि भीती आहे. इंजिनाला दोन्ही नाहीत. पहिल्या वर्षाचा मुलगाही हा हेत्वाभास पकडेल. दृष्टांत भावसिंगांचा होता, अनुमान माझे.


२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन, दुपारी तांडा. सांगायचेच असे ठरवून गेलो होतो.

भावसिंग त्याच बाजेवर. दाढी वाढलेली. त्यांच्या पत्नीने पाणी दिले. भावसिंग म्हणाले, "मास्तर, पोरगा कायले उतरला? गाडीत बसून राह्यला असता तं पट्टा होता, पिंजरा होता. मी त्याले इचारलं बी. बेसुद्ध होता, तरी इचारलं."

तेव्हाच सांगायला हवे होते. नियम अकरा माझा. पण तो नियम माझा असे म्हटले की पुढचा प्रश्न येतो, तुम्हाला तो सुचवला कोणी. ते या माणसाला सांगायचे? मी गप्प राहिलो. हे मौन दयेचे होते की सोयीचे, ते ठरवता येत नाही.

रमेश आतून आला, बरगड्यांना पट्टा बांधलेला. "वनीवाल्याले भेटाले गेलते म्हने तुमी?"

"गेलो होतो."

"त्याच्या मायनं पाय धरले म्हने."

"हो."

त्याने माझी मान धरून भिंतीवर आपटली. चष्मा फुटला. दुसऱ्यांदा कपाळ लागले. तिसऱ्यांदा लाकडी खुंटी; वरचा एक दात गेला. मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे आणि मला यापूर्वी कोणी मारले नव्हते. वेदनेपेक्षा आश्चर्य अधिक. खुंटीवर प्र.चे शर्यतीचे जाकीट टांगलेले होते. माझे रक्त त्याच्या बाहीला लागले.

भावसिंगांनी रमेशला थांबवले नाही. बसल्या जागेवरून पाहत होते. मग त्यांच्या बोलीत एकच शब्द म्हणाले. तो थांबला.


३ फेब्रुवारी, सोमवार

कपाळाचे टाके काढले. निर्मला पट्टी बदलत होती. लग्नाला एकेचाळीस वर्षे झाली. ती चौकशी करत नाही, पण सगळे जाणते.

"तुमाले न इचारलेलं सांगाची सवय जल्मभर होती. साऱ्या गावाले बोलून दाखवत. आताच काहून गेली ती?"

मी पट्टीचे दुसरे टोक धरून दिले.

महागावात फलक लागले आहेत. रविवार, ९ फेब्रुवारी, "स्व. प्रल्हाद राठोड स्मृती चषक." फलकावर प्र.चा हेल्मेट घातलेला फोटो, त्याखाली बंडूभाऊंचा त्याहून मोठा. माझे नाव मुख्य पंच म्हणून आहे. मला विचारले नव्हते.


७ फेब्रुवारी, शुक्रवार

शे.च्या वकिलांचा फोन. जामिनाच्या अर्जाला माझे म्हणणे जोडता येईल का, प्र. का उतरला हे मला ठाऊक असेल तर. "तुम्ही एकटेच तसे सांगू शकता."

विचार करून सांगतो म्हणालो.


८ फेब्रुवारी, शनिवार

बंडूभाऊंचा फोन, दुपारी. आवाज फाटलेला.

दुसऱ्या वळणावर गर्दीत कोसळलेली कुटाराची पोती गेले चार आठवडे चाकोरीवरच पडून होती. आज मैदान सारखे करायला ट्रॅक्टर आणला, पोती हलवली, वखर लावला. वळणावर भावसिंग उभे. पोत्यांखाली चाकांच्या खुणा अजून तशाच होत्या: प्र.च्या, आणि त्यांना कापून गेलेल्या शे.च्या. त्या मधोमध हात वर करून उभे राहिले. ट्रॅक्टर त्यांच्या छातीपासून दोन हातांवर थांबला.

"हट म्हनलं तं हटत नाई. कायले उभा राह्यला म्हनलं, तं म्हनते हरकत हाये. कोनावर? ते मास्तरले सांगीन म्हनते. सर, त्याच्याजवळ ते पुस्तक हाये."

पुस्तक प्र.च्या गाडीत सापडले, आसनाखाली. नि. ११ खाली पेनाने दोन रेघा. भावसिंगांना वाचता येत नाही. नातीने वाचून दाखवले. बंडूभाऊंनी तांड्यावरच्या कोणाकडून ऐकले ते असे: पोरीने एकदा वाचले, म्हातारा म्हणाला पुन्हा वाच. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर उठला. दोराने बांधलेली चप्पल घातली आणि निघाला.

म्हणजे त्यांनी स्वतःचे शब्द ओळखले.

जे सांगायला मी त्यांच्या अंगणात गेलो आणि न सांगता परतलो, ते त्यांना आता ठाऊक आहे, आणि ते त्यांनी एकट्याने ऐकले.

बंडूभाऊ: "उद्या वनीचे दोन ट्रक भरून येऊन राह्यले. तांड्यावरचे काठ्या घेऊन बसले. शर्यत दहाले सुरू होईन. तुमी येऊन काहीतरी निकाल द्या, म्हनजे म्हातारा हटीन."

"इंजिने सुरू करू नका."

"दहाले होईन, सर. म्हातारा उभा राह्यला तरी."

"त्यांच्या अंगावरून?"

"ते तुमी या अन् ठरवा."


९ फेब्रुवारी, रविवार. पहाटेची एस.टी.

आर्णी गेले. बस हलते म्हणून अक्षर वाकडे.

सोबत मूळ नियमावली, माझ्या हस्ताक्षरातली. वकिलांसाठी लिहिलेले म्हणणे, चार पाने. निर्मलाने वाचले आणि भाकरी बांधून दिली. पहिल्या पानावर नि. ११ कोणी लिहिला ते आहे. दुसऱ्यावर मी निशाणाऐवजी पेन उचलले ते. तिसऱ्यावर शे. माती उडवण्यासाठी आला होता, त्याच्याच शब्दांत. ते त्याला सोडवत नाही, मारतही नाही. चौथ्या पानावर नियम मला कोणाकडून मिळाला ते लिहिले होते. ते वाक्य खोडले. पुन्हा लिहिले. आता ते तिथे आहे की नाही हे उतरण्यापूर्वी ठरवायचे आहे.

चाकोरी काय सांगेल ते मला ठाऊक नाही. शे.ने चाके आधी वळवली की नंतर, हे मातीत दिसू शकते. भावसिंगांना ते माझ्यापेक्षा चांगले वाचता येते. बहुधा त्यांनी कालच वाचले असेल. तरी उभे आहेत. म्हणजे हरकत शे.वर नसावी. माझ्यावर असावी, किंवा स्वतःवर, आणि स्वतःवरच्या हरकतीचा निकाल देण्याची तरतूद माझ्या नियमांत नाही.

निकाल जागेवर, सर्वांसमक्ष. म्हणजे रमेशसमोर, वणीच्या दोन ट्रकांसमोर. कपाळाचा व्रण ठणकतो आहे.

आठ वाजून दहा मिनिटे. बंडूभाऊंचा फोन आला होता. गाड्या रांगेत लागल्या, तीन चालकांनी हेल्मेटे घालायला नकार दिला. म्हणतात, म्हाताऱ्याला आमचे चेहरे दिसले पाहिजेत. बंडूभाऊंना ते कळले नाही. मलाही नीट कळत नाही.

मग म्हणाले, घ्या, म्हाताऱ्यालेच बोलायचं हाये. फोन भावसिंगांच्या कानाला लावला असावा. वारा ऐकू आला, मागे कोणीतरी एक इंजिन चालू करून बंद केले.

"मास्तर, कुठं हा?"

"आर्णीच्या पुढे."

"या सवडीनं. हात भरून आला आता. पन खाली नाही करनार."

नियमात हात किती वेळ वर ठेवावा हे लिहिलेले नाही. ती त्रुटी माझी.